ईशानीची दाढ आणि सहा इंची पाइप

अबू धाबी,
शुक्रवार, ११ मे २००१

तीर्थस्वरूप दाजी,

इथूनच वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे फारसं वाकता आलेलं नाही, तेवढं पदरात घ्यावं.) तुमचं ब्लडप्रेशर, ताईचे गुडघे आणि दातांच्या दवाखान्यातली नवी खुर्ची ही तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं बरं आहे. म्हणजे ईशानी मजेत आहे, सुचित्रा तिच्या काळजीत आहे आणि मी दोघींच्या.

तुम्हाला माहीतच आहे, इथल्या मराठी माणसाचं शरीर दहा महिने नुसतं रेटायचं असतं, त्याची दुरुस्ती होते ती जुलैत, गावी. चष्म्याचा नंबर, रक्ताच्या तपासण्या, सुचित्राचा खांदा, सगळं सुट्टीच्या यादीत जातं. (ईशानी म्हणते, बाबा शिंकसुद्धा जुलैपर्यंत राखून ठेवतील.) यंदा यादीत तिच्या अक्कलदाढा. खालच्या दोन्ही आडव्या येताहेत आणि बारावीच्या परीक्षेआधी काढाच, असं इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. इथे एका दाढेचे सातशे दिरहॅम, म्हणजे जवळजवळ नऊ हजार रुपये. पण पैशांचं सोडा, घरात दाजी असताना परक्यापुढे तोंड कोण वासणार? शाळा जूनअखेर बंद होते आणि ऑगस्टच्या मध्यापासून जादा तास आहेत. मधल्या सहा आठवड्यांत दाढा काढायच्या, सूज उतरायची, भात सोडून पोळीवर यायचं. नाहीच जमलं आणि ऐन मार्चमध्ये फिजिक्सच्या पेपरला गाल सुजला तर? या विचाराने मी हल्ली तिच्या घासांकडे बघत बसतो. काल ती म्हणाली, "बाबा, स्टॉप स्टेअरिंग. इट्स माय माउथ." तोंड तिचं असेल हो, पण घास माझ्या घशात अडकतो.

तारीख आधीच पक्की व्हावी म्हणून तिच्या जबड्याची एक्स-रे फिल्म तुमच्याकडे पाठवायचं ठरलं. आमचा फॅब्रिकेटर दगडू रजेवर तासगावला निघाला होता, तो जाता जाता मिरजेत उतरणार होता. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण माझा स्वभाव! मुसफ्फाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढतात, आणि ते बघायला माझ्या टेबलावर दिव्याची पेटी आहे. म्हटलं, पाठवण्याआधी आपणही एकदा दाढा नीट बघून घ्याव्यात. (बघून मला काय कळणार होतं, हे विचारू नका. सुचित्राने विचारून झालंय.) बघत असतानाच दगडू दारात येऊन उभा. "साहेब, गाडी लागली, यल्ला, चला!" म्हणाला. मी खाकी पाकीट त्याच्या हातात कोंबलं. टेबलावर खाकी पाकिटं दोन होती.

गेल्या शुक्रवारी तुमचा फोन आला. फिल्म पोचली, मुळं सरळ आहेत, हाड एकसंध आहे, भूल देऊन दहा मिनिटांत मोकळी करतो, असं तुम्ही म्हणालात. केवढा धीर आला! सुचित्राने शिरा केला, मी दोनदा घेतला.

शनिवारी ऑफिसात क्लायंटचे इन्स्पेक्टर रोशनसाहेब आले. त्यांनी दुसरं पाकीट उघडलं, फिल्म पेटीवर लावली आणि क्षणभरही न थांबता म्हणाले, "प्रकाशजी, इस पाइप में दाँत किसने लगाए?" मग खालच्या दोन्ही दाढांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून त्यांनी सांगितलं, "ये दोनों टेढ़े हैं. रिपेअर करना पड़ेगा, हबीबी." सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसलो, आणि हसता हसताच पेटीचा दिवा मालवला. कारण दाजी, तुमच्याकडे पोचलेली फिल्म ही सहा इंची पाइपच्या जोडाची आहे.

ती कृपया या पत्राबरोबर येणाऱ्या मधूकडे परत द्यावी, क्लायंट रोज मागतोय. ईशानीची खरी फिल्म सोबत पाठवतोय. लाल गोल रोशनसाहेबांचे आहेत. पुसू नयेत, ते बरोबर आहेत.

ताईला नमस्कार, भाचेबुवा राहुलला आशीर्वाद.

तुमचा,
प्रकाश

ता. क. : फोन ताई उचलते आणि समोरासमोर बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो. पाइप तपासणाऱ्याला जबडा एका नजरेत कळला, आणि जबडे तपासण्यात ज्यांची हयात गेली त्यांना पाइप कळला नाही, हे शनिवारपासून माझ्या मनातून जात नाही. तुमचा मोतीबिंदू वाढलाय आणि तुम्ही ऑपरेशन टाळताय, हे ताईने दिवाळीतच सांगितलं होतं. माझ्या सगळ्या दाढा तुम्हीच काढल्या आहेत, तुमच्या हाताबद्दल शंका घेईन तर जीभ झडेल. तरी ईशानीच्या वेळी खुर्चीपाशी राहुलला उभं राहू द्याल का? तोही दातांचाच डॉक्टर आहे, तुमच्याच हाताखाली शिकलाय. तुम्ही नुसतं शेजारी बसा. रागावू नका.

ता. क. २ : पाकीट बंद करायच्या आत ईशानीने पत्र वाचलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग टू एनीवन एल्स. काकांना दिसलं नाही तर मी बोट लावून दाखवीन, विच वन." आणि ती तसं करेल, मी तिला ओळखतो. तेव्हा दाजी, आता तिच्या दाढांआधी तुमचा डोळा. ऑपरेशन जूनमध्येच करून घ्या. मायलेकी शाळा सुटल्यावर येतील. मी रजा पुढे ओढून दहा जूनला एकटाच येतोय, तुमच्या डोळ्यांत थेंब घालायला.