नर्सबाईंचा शनिवार

बाबा, काल गुड फ्रायडेला तुम्ही धर्मशिक्षण द्यायचात त्या जागी मी उभी राहून पोरांना सांगितलं की येशू यहुदी होता, त्याची आईसुद्धा यहुदी, आणि त्याच्या मरणाचं पाप त्या लोकांच्या माथी मारायचं नाही. मागून एक म्हातारा ओरडला, "मास्तर तर शिकवायचे, यहुद्यांनी प्रभूला मारला!" माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर चुकले." फादर म्हणतात, ती जुनी शिकवण चर्चने तुमच्या हयातीतच सोडून दिली होती. आपल्या तलासरीच्या पाड्यावर ती खबर पोचलीच नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?

पण उधव्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तर पोचल्या होत्या ना! गळ्यात मंगळसूत्र, बोलणं आपल्यासारखंच मराठी. शनिवारी घरी चूल पेटवायच्या नाहीत, आदल्या दिवशीच रांधून ठेवायच्या. तुम्ही ठरवूनच टाकलंत, बाई मारुतीचा शनिवार धरतात. त्यांनी मलिदा पाठवला, गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, तेव्हा म्हणूनच तुम्ही ताटाला हात लावला नाहीत. "मूर्तीचा प्रसाद आपल्याला चालत नाही. परत देऊन ये." मी कॉलेजात जाणारी घोडी, तरी मुकाट्याने गेले. बाई हसल्या. "कसली मूर्ती गं? आम्ही यहुदी. हा एलियाहू नबीचा मलिदा. तुमच्या पुस्तकात एलीया आहे ना, तोच." अरे देवा! तो यहुदी शब्द मी फक्त तुमच्या तोंडून ऐकला होता, तोही शिवीसारखा. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "मास्तरांना सांगू नको हां. जिवाला लावून घेतील." मी शब्द दिला.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. पाठीच्या जखमा बाईच धुतात, नाक न मुरडता. तुम्ही त्यांचा हात धरता आणि मोठ्याने प्रार्थना करता, "प्रभू, या बाईला खऱ्या देवाची ओळख पटू दे." मी दाराशी ओठ चावत उभी. बाई हात न सोडवता म्हणतात, "आमेन." तुम्ही समाधानाने डोळे मिटता.

बाईही गेल्या आता. हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही ठेवणार. बाईंना शब्द दिला होता, असं म्हणता येईल. खरं एवढंच, की काल भर चर्चमध्ये तुम्हाला चूक म्हटलं, पण तुमच्यापाशी येऊन ते म्हणायचा धीर मला अजून होत नाही.