काकू पास झाल्या

अहो,

मनापासून नमस्कार. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात मी पास झाले! आधी आईंना सांगा, मग बाकीच्यांना.

जेवण वेळेवर होतं, झोपही लागते. म्हणजे आता लागते. सुरुवातीला मी दिसले की होस्टेलच्या मुली गप्प व्हायच्या. एवढ्या वयाची बाई म्हणजे वॉर्डनची हेर असणार, असं त्यांना वाटायचं. मी ताट घेऊन खोलीतच जेवायचे. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही न्यायला आला असता आणि मीही निघाले असते.

तोंडी परीक्षेच्या सकाळी शेजारच्या खोलीतली मुलगी दार लावून रडत बसली. "मला काही येत नाही, मी जाणार नाही." सगळ्या समजावून दमल्या. मी दाराशी जाऊन खरं तेच बोलले, "अगं, मलाही भीती वाटतेय. एकटी गेले तर फाटकातूनच परत येईन. मला सोबत कर."

थोड्या वेळाने कडी निघाली. "चला काकू," ती म्हणाली, "पण माझा हात सोडायचा नाही."

हात धरूनच गेलो. दोघीही पास! काल निकाल लागल्यावर तिने जिन्यातूनच आरोळी ठोकली, "काकू पास झाल्या!" आणि पोरींनी मला चक्क उचललं हो! माझं वजन तुम्हाला माहीतच आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? धाकटी अभ्यासाला बसते का? नसेल बसत तर रागावू नका. भीती वाटते का, ते आधी विचारा.

तुमची,
आणि आता या पोरींचीही