कालव्याचं पाणी

बाबा, काल पुन्हा त्या कालव्याकाठून चालून आले. आपण अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहायला गेलो तेव्हा तुम्ही दर रविवारी आम्हाला तिथे न्यायचात. इंग्लंडला शिकत असताना तुम्ही पाठीवर सॅक घेऊन एकटे टेम्सच्या काठाने पार लंडनपर्यंत चालला होतात. ती नदी, काठावरचे पब, गुडघाभर गवत, सगळं तुमच्याकडून ऐकून ऐकून आम्हाला पाठ होतं. "एकदा तुम्हाला नेणार आहे," असं म्हणायचात, आणि मग आईकडे बघून, "पण हिला आधी चालायला शिकवायला हवं." तुम्ही पुढे, मी मधे, आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेली आई कायम मागे. तिने जरा थांबायला सांगितलं की तुमचा वेग वाढायचा.

त्या रविवारी आईने पर्समधून निर्माल्य आणलं होतं. देवावरची फुलं कचऱ्यात जायची नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायची, म्हणून ती गराजमध्ये साठवून ठेवायची. झाडांमधलं ते रुंद पाणी तिला नदीच वाटत होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने सुपरमार्केटमधल्या कार्नेशनच्या सुकल्या पाकळ्या सोडल्या आणि हात जोडले. तुम्ही उलटे फिरलात. "अगं, कॅनॉल आहे हा. माणसांनी खणलेला. एवढंही कळत नाही?" कुत्रा घेऊन एक म्हातारं जोडपं चाललं होतं. त्यांना थांबवून तुम्ही हसत इंग्रजीत सांगितलंत की माझ्या बायकोला ही गंगा वाटते. हसावं की नाही, त्यांना कळेना. मग आईला म्हणालात, "काढ आता. सगळी काढ." पाणी हलत नव्हतंच, पाकळ्या काठाशीच होत्या. आई पदर खोचून चिखलात गुडघ्यांवर बसली आहे, एकेक पाकळी वेचते आहे, आणि तुम्ही घड्याळ बघत उभे आहात. "अहो, झालं," एवढंच ती म्हणते.

नंतर थोड्याच वर्षांत तुम्ही अचानक गेलात. अस्थी टेम्समध्ये सोडायच्या, हे तुम्ही प्रत्येक पार्टीत सगळ्या काका-काकूंना ऐकवलं होतं. बर्फ वितळल्यावर एका रविवारी आईने फ्यूनरल होमने दिलेला डबा मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "चल, ड्राइव्ह कर." ती रस्ता सांगत गेली. कालव्यापाशी मी म्हटलं, "आई, ही नदी नाहीये गं."

"माहितीये मला. कॅनॉल आहे."

तिने डबा उलटा केला. राख काठाशीच राहिली. तिने हात जोडले नाहीत. धुतले, तेही घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. परतताना आम्ही दोघी शेजारी शेजारी, अगदी हळू चाललो. आई दिसेल त्या बाकावर बसत होती. मला छान वाटलं होतं. काल ती जागा आली तेव्हाही वाटलं.