दुवा न मानणाऱ्या मित्रासाठी

इंदापूर

प्रिय मिलिंदा,

काल रमजानचा चंद्र दिसला. मशिदीच्या गच्चीवर पोरं ओरडली आणि माझा हात आपोआप मोबाइलकडं गेला. दरवर्षी पहिला फोन तुलाच असायचा ना! "दिसला का तुझा चंद्र? मी तर दुपारीच सांगितलं हुतं, आज दिसणार म्हणून," असं तू म्हणायचास. भूगोलाचा मास्तर तू, चंद्रसुद्धा तुझ्याच वर्गातला! यंदा फोन कुणाला करू? म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या मतानं हे पत्र कुठंच पोचणार नाही. माणूस मेला की संपला, हे लासुर्ण्याच्या शाळेला जाताना एसटीत तू मला किती वेळा ऐकवलंस! मी मात्र मेलेल्याला सलाम करणाऱ्यांतला. कबरस्तानावरून जाताना आम्ही आतल्यांना सलाम म्हणतो. मग मित्राला पत्र लिहिलं तर काय बिघडलं?

आठवतंय का, एकदा एसटीत आपला आवाज इतका चढला की पुढच्या सीटवरची, भाजीची पाटी घेऊन बसलेली माळवंवाली म्हणाली, "गुरुजी, देव असंल न्हायतर नसंल, तुमचा स्टॉप तर गेला!" दोन शाळामास्तर उन्हात मागं चालत आले, आणि तेही भांडतच.

तू विचारलं होतंस, "वर कुणी बघतंय म्हणून तू नीट वागतोस. मी कुणी बघत नसताना वागतो. मग खरा कोण?" मी म्हणालो होतो, नुसती भीती नाही रे. कपाळ जमिनीला टेकतं तेव्हा कळतं, मी मालक नाही. घर, पोरं, गणित शिकवणारी ही बुद्धी, सगळी अमानत आहे. परत द्यायची आहे. माणसानंच माणसाला मोजायची पट्टी केली, तर बळकट माणूस ती हवी तशी आखूड करतो.

"आन् देवाची पट्टी कुणाच्या हातात असती?" तू म्हणालास. "माझ्या आज्याला विहिरीवर चढू दिलं न्हाय, ते देवाचंच नाव घेऊन. आज्यानं धम्म घेतला तेव्हा कुठं त्याची मान वर झाली. मी आणखी एक पाऊल पुढं गेलो, इतकंच."

मी म्हणालो, "आमच्यात सगळे एका ओळीत उभे राहतात."

"नमाजाला. आन् सोयरिकीला?"

धर्माचं म्हणणं खरं आणि माणूस तोकडा, एवढंच पुटपुटलो. तू हसला नाहीस. तुझा हाच गुण छळतो आता. जिंकल्यावर तू हसायचा नाहीस.

तुझ्या शबानावहिनीचं ऑपरेशन बारामतीत झालं, तेव्हा तू माझ्यासोबत होतास. जोहरची, दुपारच्या नमाजची वेळ झाली आणि मी बावरलो. कुठं उभं राहू, तोंड कुठं करू? तू खांद्यावरचा पंचा काढून कोपऱ्यात अंथरलास. "मक्का हितनं सरळ पश्चिमेला न्हाय, जरा उत्तरेकडं सरक." आणि मधून कुणी जाऊ नये म्हणून वाट अडवून उभा राहिलास. नास्तिकानं राखलेली ती नमाज! तशी एकाग्र नमाज मला पुन्हा क्वचितच जमली.

ऑपरेशन नीट झालं. मी अल्लाचे आभार मानले, तू डॉक्टरांचे. बाहेर चहा पिताना म्हणालास, "बरं झालं, कुणाचं राहिलं न्हाय." मग कप खाली ठेवलास. "खरं सांगू? सगळं नीट झालं म्हणल्यावर मला पण कुणाचं तरी आभार मानावं वाटलं. डॉक्टरचं मानून झालं, तरी आत काय तरी उरलंच. ते कुठं ठेवायचं, कळंना."

त्या उरलेल्याला आमच्यात नाव आहे, मिलिंदा: शुकर, देणाऱ्याचे आभार. मी त्या वेळी बोललो नाही. बोलायला हवं होतं का? तू चिडला असतास का?

मग तुझंच दुखणं आलं. तुझा सुकलेला हात हातात घेऊन विचारलं, "दुवा करू का तुझ्यासाठी?"

"कर की. पण बरं व्हायला माग. माझं मत बदलायला मागू नगंस."

किती अवघड अट घातलीस रे! जे मला सगळ्यात प्रिय आहे, तेच तुझ्यासाठी मागायचं नाही? तरी मी पाळली.

तू देहदान केलंस. वहिनींनी बुद्धवंदना म्हटली, गाडी आली आणि तुला घेऊन गेली. आमच्यात माणूस तीन मुठी माती देतो, मग हात रिकामे झाल्यासारखे वाटतात. माझे हात भरलेलेच राहिले. कबर असती तर शुक्रवारी येऊन बसलो तरी असतो. आता कुठं येऊ?

मी मौलानांना विचारलं. ते हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्यासाठी मगफिरत, अल्लाची माफी, मागता येणार नाही, सर. पण फैसला करणारे आपण कोण? तुम्ही पाहिलेलं भलं तर खोटं होत नाही ना?"

आज दुपारी तुझी सुजाता आली होती. एमआयडीसीतल्या डेअरीतून सुटून थेट इकडंच. बसल्याबसल्या म्हणाली, "काका, तुमच्या धर्मानं बघितलं तर बाबा आता कुठं हायत?"

"ते माझ्या हातात न्हाय, पोरी. ज्याच्या हातात हाय, तो माझ्यापेक्षा लई दयाळू हाय."

"आन् बाबांच्या विचारानं?"

मी म्हणालो, "कुठंच न्हाय. ते संपले. उरली ती त्यांची शिकवण, ती तुझ्याकडं."

तिनं डोळे पुसले. "खरं बोललात," म्हणाली.

तेव्हा वचन देतो, मिलिंदा. तुझं मत मी कधी वळवून सांगणार नाही. शेवटी शेवटी तो देवाला मानायला लागला होता, असं कुणी म्हणालंच तर मी पहिला उठून नाही म्हणेन. पण रोजा सोडण्याआधी बांग होईपर्यंत जे थोडे क्षण मिळतात, त्या वेळी हात पसरून मी तुझं नाव घेईन. पुढं काही मागणार नाही. नुसतं नाव घेऊन थांबेन. पुढचं त्याला ठाऊक.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
सलीम