तुझ्या बाजूने चार ओळी

चि. बेबीस, आईचे आशीर्वाद.

तुरुंगातून फोन केलास तेव्हा म्हणालीस, "आई, माझ्या खटल्यावरच्या त्या पॉडकास्टखाली माझ्या बाजूने चार ओळी लिही." म्हणून सगळे भाग ऐकले. तुझा आवाज आला की मागे भीतीचं संगीत वाजतं, तुझ्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या डॉक्टरीणबाई बोलल्या की सगळं शांत. ऐकणारेही त्यावरून हमरीतुमरीवर आलेत. कुणी म्हणतं, पॉडकास्टवाल्या बाईने आधीच निकाल लावलाय. कुणी म्हणतं, स्वतःच्या धडधाकट पोरीला औषधं पाजून आजारी पाडणारीची कसली बाजू?

मी पहिल्यांचीच री ओढणार होते. वेणी घालता घालता तुझ्या लेकीला विचारलं, काय लिहू. ती म्हणाली, "मी आजारी असले की आई रात्रभर उशाशी बसायची. हे त्यांनी सांगितलंच नाही."

मला धीर आला. "मग लिहू तसं?"

"लिही की. पण आजारी पाडणारं ते औषधही तीच पाजायची, तेही लिही. नाहीतर तूपण त्या बाईसारखीच."

बेबी, पहिली ओळ लिहून झाली. दुसरी लिहायला हात धजत नाही, आणि नुसती पहिली पाठवून नातीला तोंड दाखवणं जमणार नाही. हे तुला कळवायचं, तर हे पत्रही पेटीत टाकवत नाही.

तरीही तुझीच,
आई