वाळ्याचा गारवा

१७ मे १९७४, शुक्रवार

शेठजींनी आज पुतण्याला मॅनेजर केलं. त्याला माल पाठवायची बिल्टी कशी फाडायची हेसुद्धा मीच शिकवलं होतं. "आपल्या पेढीत फक्त लायकी पाहतात," म्हणे. मग मेहनतीवर भाषण. खिडकीच्या वाळ्याच्या ताट्यांतून गार वारा येत होता, म्हणून ऐकवलं तरी. मध्येच वारा तापला तसे शेठजी खेकसले, "पाणी काहून थांबलं?" बाहेर उन्हात ताट्यांवर पाणी मारणारी जनाबाई जरा टेकली होती. सपकन पाणी आदळलं आणि मेहनतीचं भाषण पुढे सुरू. मला किळस आली. टाळ्या मात्र वाजवल्या.

निघताना जनाबाईनं विचारलं, "बाबूजी, आत कसं वाटते जी?"

इतके उन्हाळे तो गारवा तीच करते आहे. अन् विचारते मला.