विज्ञानाची गाडी चालवणाऱ्या अब्बांना

अब्बा,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा माझं बी.एड. व्हायचं होतं. आता मी जिवतीच्या डोंगरावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, शिक्षणसेवक म्हणून. तीन वर्षं नीट गेली तर कायम, नाही तर घरी. सध्या दुसरं वर्ष चालू आहे. आज शाळा सुटल्यावर वर्गातच बसून राहिले. कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं आणि तुमच्याशिवाय कोणी आठवेना.

आठवते ती निळी गाडी. आत दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, त्यांत भिंगं, चुंबकं, हाडांचा सापळा, हाताने फिरवायचा हवेचा पंप. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तिथे चाकांवरची प्रयोगशाळा जाईल, म्हणून सरकारने ती दिली होती. गाडीवर तुम्ही ड्रायव्हर आणि प्रयोग दाखवायला एक सर. ते सर पहिल्याच पावसाळ्यात भामरागडकडून हिवताप घेऊन आले आणि बदली करून निघून गेले. त्यांच्या जागेवर कोणी आलंच नाही. गाडी मात्र थांबली नाही, कारण फेऱ्यांचा अहवाल वर जायचा होता. तुम्ही पहाटे निघायचात, गाडी शाळेच्या मैदानात उभी करायचात, पोरं काचेला नाक लावून बघायची, हेडमास्तर वहीवर शिक्का मारायचे आणि तुम्ही परत यायचात. अम्मीला एकदा तुम्ही म्हणालात, "एक पोट्टी विचारत होती, हे उघडते कधी. मी काय सांगू तिले?"

त्यानंतर तुम्ही माझं आठवीचं पुस्तक मागितलंत. तुमचं शिक्षण चौथीपर्यंत. घरी आपलं बोलणं हिंदी-मराठी मिसळलेलं, पुस्तक मात्र छापील मराठीत. अम्मी भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसला आहात, ओळीखाली बोट धरून वाचता आहात आणि मी कंटाळले आहे. 'हवेचा दाब' तुम्ही मला तीन दिवस विचारत होतात. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "तुम्हाला नाही समजणार, अब्बा."

तुम्ही पुस्तक मिटलंत. आवाज चढवला नाहीत. "समजते मले. तू नीट सांगत नाईस. तुले पाठ आहे, समजलं नाई."

मग अम्मीचा तेलाचा रिकामा डबा घेतलात, तळाला थोडं पाणी घालून चुलीवर ठेवलात, वाफ निघाल्यावर फडक्याने धरून खाली उतरवलात, झाकण घट्ट लावलंत आणि वरून गार पाणी ओतलंत. डबा कडकड करत चेपला, जणू कुणी मुठीत धरून दाबला. अम्मी ओरडली, "गाडी चालवा नं सीधी, मास्तर काऊन बनता?" तुम्ही हसत होतात. हवेचा दाब मला त्या दिवशी समजला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सहामाही संपून मला सुट्टी लागली होती, आश्रमशाळा अजून दोन दिवस चालू होत्या. तुम्ही मला बरोबर नेलंत. एटापल्लीच्या पुढची शाळा, भोवती सागाचं रान. तिथे तुम्ही कपाटं उघडलीत. टेबलावर काचेची हंडी, तिच्या आत वाजणारी विजेची घंटा, खाली हंडीतली हवा ओढून घेणारा तो पंप. "आता ऐका," म्हणालात आणि पंप फिरवू लागलात. घंटेचा टोला हलत होता, आवाज मात्र बारीक होत होत नाहीसा झाला. माडिया पोरं, मराठी जेमतेम कळणारी, श्वास रोखून उभी. तुम्ही हवा आत सोडलीत, आवाज परत आला आणि सगळी एकदम ओरडली. मग एकेकाने पंप फिरवून पाहिला. परत येताना तुम्ही आलापल्लीपर्यंत गात होतात.

त्या हेडमास्तरांचं काही चुकलं नाही. त्यांनी ऑफिसला कौतुकाचं पत्र लिहिलं, की आपल्या सरांनी फार छान प्रयोग दाखवले. ऑफिसने विचारलं, कोणते सर? आठ दिवसांत तुमच्या हातात मेमो आला. शासकीय साहित्य कोणत्या अधिकाराने हाताळलं, खुलासा करा.

खुलासा मी लिहिला. तुम्ही सांगितलं होतं तेवढंच लिहायचं होतं, की पद रिकामं आहे, पोरं वाट पाहतात, म्हणून दाखवलं. मला ते उद्धट वाटलं. नोकरी जाईल या भीतीने मी माझ्या मनाचं घातलं: 'मी अडाणी आहे. मला विज्ञानातले काहीही समजत नाही. चूक झाली, क्षमा असावी.' तुम्ही ओळीखाली बोट धरून ते वाचलंत. त्या वाक्यापाशी बोट थांबलं.

"हे लिवाच लागते काय, बेटा?"

"लागतं, अब्बा."

तुम्ही सही केलीत. नोकरी राहिली. गाडी तुमच्याकडून काढली, साहेबांची जीप दिली. निळी गाडी ऑफिसमागे करंजाखाली उभी राहिली, टायर बसले, आतल्या कपाटांत उंदरांनी घरं केली. सर काही आलेच नाहीत. तुम्ही रोज तिच्यासमोरून जीप काढायचात. घरी तुम्ही त्यानंतर माझं एकही पुस्तक मागितलं नाहीत. मी नववीत गेले, दहावी झाले, बी.एस्सी. झाले, पुस्तकं फडताळात उघड्यावरच असायची. तुम्ही हात लावला नाहीत.

आता माझ्याही शाळेत सरकारी पेट्या आल्या आहेत. तीन, लाकडी, पट्ट्या ठोकलेल्या. परिपत्रकात लिहिलंय, मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत. प्रशिक्षणही झालं. जुलैपासून पेट्या हेडमास्तरांच्या खोलीत कोपऱ्यात आहेत आणि मी फळ्यावर पंप काढते, हंडी काढते, बाण दाखवते. 'आवाज ऐकू येत नाही', लिहून घ्या. मुलं लिहून घेतात. गेल्या दहावीत सात जण विज्ञानात नापास झाले. त्यातला एकही परत आलेला नाही.

नववीत एक कोलाम मुलगी आहे, पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, डोंगर उतरून येते. आज तिने विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं का हे?"

"पाहिलंय."

"आवाज खरंच जाते?"

"जातो."

"मंग आमाले काऊन नाई दाखवत?"

मी म्हणाले, हेडमास्तर परवानगी देत नाहीत. ती खाली बसली. घंटा झाली, सगळी गेली, मी इथेच आहे. काच फुटेल, कुणाचा हात भाजेल, मेमो येईल, माझी तीन वर्षं जातील. मला एवढंच दिसतं, अब्बा. बी.एस्सी. शिकून मला एवढंच दिसतं. ज्या वाक्याखाली मी तुमची सही घेतली, ते तुमच्याबद्दल खोटं होतं. माझ्याबद्दल मला आता खात्री नाही.

हा कागद हजेरीपटात घालून ठेवते, घरी नेणार नाही. एकच सांगायचं राहिलं. हेडमास्तर भले आहेत, निवृत्तीला आले आहेत, कशालाच नाही म्हणत नाहीत. मी त्यांना अजून विचारलेलंच नाही.